हिसका न देता ओढणारी विंच



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, बचत गटाच्या कार्यक्रमात जहाजाची विंच कशाला? पण आपल्या किनाऱ्याच्या गावांत बघा, चार घरं सोडली की एखाद्या घरातला मुलगा, भाऊ नाहीतर नवरा बोटीवर असतो. गटाच्या कर्जाचा हप्ता, घराचा स्लॅब, धाकटीचं शिक्षण, सगळं त्या पगारावर उभं असतं. फोन आला की आपण विचारतो, जेवलास का, झोप होते का. कामाचं विचारलं तर उत्तर येतं, "तुला नाही कळायचं." मागे बैठकीत एका काकींनी विचारलं, "पोरगा म्हणतो ड्राइव्ह ट्रिप झाला, तासभर खोळंबलो. बोटीवर गाडी चालवतो काय तो?" हसलो सगळ्या. पण खरं उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं. मग बोटीवर इलेक्ट्रिकलचं काम करणारा गावातला एक मुलगा सुट्टीवर आला होता, त्याला आम्ही दोन संध्याकाळी बसवून घेतलं. चहा आमचा, प्रश्नही आमचे. त्याने समजावलं आणि आम्ही नंतर वाचून घेतलं, ते आज तुम्हाला सांगतोय.

विंच म्हणजे काय, तर आपला रहाटच. विहिरीवरच्या रहाटाला दोर गुंडाळतो, कळशी वर येते. जहाजावर लाकडी रहाटाच्या जागी लोखंडी ड्रम, हाताच्या जागी मोटर, मध्ये दात्यांची चाकं, आणि सुंभाच्या जागी मनगटाएवढा जाड दोर किंवा तारेचा वायर. जहाज धक्क्याला लागलं की पुढच्या आणि मागच्या डेकवरून दोर टाकतात, धक्क्यावरचा माणूस ते लोखंडी खुंटाला अडकवतो, आणि विंच दोर ओढून जहाजाला जवळ घेते. नांगर उचलायलाही असंच यंत्र असतं, फक्त त्यावर दोराऐवजी साखळी. मोठ्या जहाजाचा एक नांगर दहा टनांहून जड असतो. क्रेनमध्येही विंचच असते.

आता कळशी ओढताना आपण काय करतो ते आठवा. आधी दोर ढिला असतो, तो भरभर ओढून घेतो. कळशीचं वजन लागलं की हात आपोआप सावकाश होतो. काठाशी आली की आणखी सावकाश, नाहीतर पाणी सांडतं. रिकामी कळशी खाली सोडताना दोर हातातून जपून सरकवतो, कारण एकदम सोडला तर तळव्याची सालं निघतात. म्हणजे आपल्या हाताला चार-पाच वेग ठाऊक आहेत, आणि वजन कळतं. जहाजावरच्या मोटरला हे सगळं शिकवायचं, एवढीच ही गोष्ट आहे.

साधी मोटर हे शिकायला तयार नसते. तिला करंट दिला की ती एकाच वेगाने पळते. चालू किंवा बंद, मधलं काही नाही. शिवाय सुरू होताना ती नेहमीच्या पाच ते सात पट करंट खेचते. गिरणी सुरू झाली की आजूबाजूच्या घरांतले दिवे क्षणभर मंद होतात ना, त्याचं कारण हेच. गावात निदान मागे मोठी लाइन असते. जहाजाला सगळी वीज स्वतःच्या जनरेटरवरच बनवावी लागते. त्यातून मोठी मोटर एकदम सुरू केली तर सगळ्या जहाजाला जाणवतं.

पूर्वी विंच वाफेवर चालायच्या. मग तेलाच्या दाबावर चालणाऱ्या आल्या, त्यांना हायड्रॉलिक म्हणतात. त्या अजूनही पुष्कळ जहाजांवर आहेत आणि त्यांना वाईट म्हणायचं कारण नाही. सावकाश ओढायचं काम त्या छान करतात. पण तेलाचे पाइप डेकभर फिरवावे लागतात, आणि कुठे गळलं की डेक निसरडा. विजेच्या विंचमध्ये आधी दोन किंवा तीन वेगांच्या मोटरी आल्या. मिक्सरला एक, दोन, तीन असे आकडे असतात तसं समजा. एकावरून दोनावर टाकलं की खटका वाजतो आणि वेग एकदम उडी मारतो. मिक्सरमध्ये त्याने फार तर झाकण थरथरतं. दोराच्या दुसऱ्या टोकाला हजारो टनांचं जहाज असेल तर त्या उडीचा हिसका दोराला बसतो. आणि दोर तुटतो तो बहुतेकदा सावकाश वाढलेल्या ओढीने नव्हे, हिसक्याने. हे कळशी ओढणारीला वेगळं सांगायला नको.

एकसारखा कमीजास्त होणारा वेग पूर्वी मिळत नव्हता असं नाही. 1891 साली अमेरिकेत वॉर्ड लिओनार्ड नावाच्या इंजिनिअरने त्याची रीत काढली आणि ती पुढे कितीतरी वर्षं जहाजांवर वापरात राहिली. पण त्यात एका विंचसाठी मोटर, तिच्यावर चालणारा वेगळा जनरेटर आणि पुन्हा विंचची मोटर असा तीन यंत्रांचा संसार. जागा जास्त, झीज जास्त.

आताचं जे आहे त्याला ड्राइव्ह म्हणतात. काकी, गाडीशी त्याचा संबंध नाही. कपाटाएवढी, कधी त्याहून लहान, अशी ती विजेची पेटी असते. ती काय करते ते जरा सावकाश ऐका, कारण एकदा हे समजलं की बाकीचं सोपं आहे.

आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला 50 वेळा मागेपुढे होते. त्याला 50 हर्ट्झ म्हणतात. बहुतेक मोठ्या जहाजांवर हा आकडा 60 असतो. साध्या मोटरचा वेग या आकड्याला बांधलेला असतो. जहाजावरची चार पोलची मोटर 60 हर्ट्झवर मिनिटाला जवळजवळ 1800 फेरे मारते. तोच आकडा 30 केला तर 900 फेरे. 3 केला तर 90 फेरे, म्हणजे डोळ्यांनी मोजता येतील इतके सावकाश. तेव्हा मोटर बदलायची गरजच नाही. तिला मिळणाऱ्या विजेचा हा आकडा बदलला की वेग बदलतो.

तो बदलायचा कसा? ड्राइव्ह आधी जहाजाची 440 व्होल्टची वीज घेऊन तिला बॅटरीसारखी सरळ करतो. ही सरळ वीज साधारण 600 व्होल्टची होते आणि मोठमोठ्या कंडेन्सरमध्ये साठते. पंख्यात असतो तोच कंडेन्सर, फक्त थोरला. पुढे ट्रान्झिस्टरची रांग असते. जुन्या रेडिओमुळे ट्रान्झिस्टर शब्द आपल्या घरचाच झाला आहे, त्याच कुळातली ही दांडगी मंडळी. ती सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून सरळ विजेचे तुकडे पाडतात आणि हव्या त्या हर्ट्झची नवी लाट बनवून मोटरला देतात. हर्ट्झ कमी केले की व्होल्टही त्याच प्रमाणात कमी करावे लागतात, नाहीतर मोटर तापते. ते गणित ड्राइव्ह स्वतः सांभाळतो. लाइट गेल्यावर बॅटरीवर पंखा चालवणारा घरचा इन्व्हर्टर अर्धं काम हेच करतो. वीज कमी खाणारे नवे बीएलडीसी पंखे येतात, त्यांच्याही पोटात असाच एक छोटा ड्राइव्ह बसलेला असतो.

आता डेकवर चला. खलाशाच्या हातात दांडा असतो. थोडा ढकलला की ड्रम गोगलगायीसारखा फिरतो, जास्त ढकलला की वेग वाढतो. त्याने दांडा एकदम पुढे लोटला तरी ड्राइव्ह त्याचं ऐकत नाही. ठरवून दिलेल्या सेकंदांत, चढण चढल्यासारखा, तो वेग वाढवत नेतो. नवशिक्या पोराच्या हातात विंच देताना हे फार मोलाचं आहे. दोर ढिला असताना तो भरभर गुंडाळतो. जहाजाचं वजन लागलं की मिनिटाला दहा-पंधरा मीटर इतक्या सावकाश ओढतो. किती जोर लावायचा याचीही हद्द आत घालून ठेवता येते. त्या हद्दीपुढे मोटर ओढतच नाही.

आम्हाला सगळ्यात नवल वाटलं ते थांबण्याचं. साधी मोटर थांबली की जोर संपला, वजन ब्रेकवर गेलं. चांगला ड्राइव्ह मोटरला जागच्या जागी उभी ठेवूनही जोर लावून धरू शकतो. कळशी अर्ध्यावर थांबवून आपण दोर घट्ट धरून उभ्या राहतो ना, तसं. क्रेनला भार लटकलेला असताना आधी मोटर वजन पेलते, मग ब्रेक सुटतो. थांबताना उलट, आधी ब्रेक धरतो, मग मोटर सैल होते. मध्ये भार खाली घसरत नाही. हा ब्रेक स्प्रिंगने दाबलेला असतो आणि वीज मिळाली तरच सुटतो. म्हणजे लाइट गेली तर तो आपोआप आवळतो. ज्याने कुणी हे ठरवलं असेल, त्याच्या घरी लाइट फार जात असणार असं आम्हाला वाटलं.

वजन खाली सोडताना आणखी एक गंमत. तेव्हा मोटर वजन ओढत नाही, वजनच मोटरला फिरवतं. मोटर फिरवली की ती जनरेटर होते आणि वीज उलटी ड्राइव्हमध्ये शिरते. ती कुठेतरी घालवावी लागते, म्हणून लोखंडी पेटीत मोठी कॉइल ठेवतात. शेगडीच्या कॉइलसारखी ती तापते आणि वीज उष्णता होऊन हवेत जाते. काही जहाजांवर ही वीज परत जहाजाच्या लाइनमध्ये सोडायची सोय असते, पण ते ड्राइव्ह महाग पडतात.

काकींच्या पोराचा ड्राइव्ह ट्रिप का झाला असेल? कारणं बरीच असतात. जड ओढ लावून मोटर फार वेळ सावकाश चालवली की ती तापते, कारण तिला पुरेसं गार व्हायला मिळत नाही. आत बसवलेला सेन्सर ते ओळखतो आणि ड्राइव्ह बंद करतो. भार उतरवताना उलटी आलेली वीज जास्त झाली तरी ट्रिप. मोटरच्या वायरच्या पेटीत समुद्राचं पाणी शिरलं तरी ट्रिप. खारी हवा पत्र्याचं काय करते ते आपण दर पावसाळ्यात बघतोच, म्हणून ड्राइव्हची पेटी शक्यतो डेकवर न ठेवता आतल्या खोलीत ठेवतात आणि मोटरमध्ये दमटपणा धरू नये म्हणून छोटा हीटर बसवतात. ट्रिप म्हणजे खोडी नव्हे, ते राखणदाराचं ओरडणं आहे. पडद्यावर कारणाचा नंबर येतो. तो न वाचता बटण दाबून पुन्हा पुन्हा चालू करणं, ही सवय वाईट. आपल्या पंपाच्या स्टार्टरला काडी लावून ठेवण्यासारखीच.

इथपर्यंत ऐकून वाटेल की ड्राइव्ह बसवला म्हणजे पोरगा सुखरूप. तसं नाही, आणि खरं तर हे सांगण्यासाठीच आज हा विषय घेतला.

जहाज एकदा धक्क्याला नीट बांधलं की दोर कोण धरून ठेवतं? ड्राइव्ह नाही. बहुतेक मोठ्या जहाजांवर तेव्हा ड्रम मोटरपासून सोडवलेला असतो आणि सगळा भार पट्ट्याच्या ब्रेकवर असतो. ड्रमभोवती लोखंडी पट्टा आवळायचा, बस. तो ब्रेक मुद्दाम असा लावतात की दोराच्या तुटण्याच्या ताकदीच्या साधारण 60 टक्के ओढ आली की तो थोडा सरकावा आणि दोर वाचावा. पट्ट्याचं अस्तर झिजलं, त्याला तेल लागलं, गंज चढला तर हिशेब चुकतो. दोर ड्रमवर उलट्या बाजूने गुंडाळला असेल तर ब्रेकची पकड निम्म्यापर्यंत घटू शकते. ड्राइव्ह कितीही महागाचा असो, या गोष्टी त्याला दिसत नाहीत. काही विंचना आपोआप ओढ सांभाळायची सोय असते, ढिलं पडलं की ओढ, जास्त झालं की सोड. पण धक्क्याला बांधलेलं जहाज तिच्या भरवशावर ठेवू नये असंच जाणकार सांगतात, कारण पुढची आणि मागची विंच एकमेकींशी भांडत जहाज हळूहळू सरकत जाऊ शकतं.

आणि दोर. ड्राइव्हला मोटरचा जोर कळतो, दोराची तब्येत कळत नाही. 2 मार्च 2015 रोजी ब्रिटनमधल्या वेल्सच्या किनाऱ्यावर मिलफर्ड हेवन बंदरात झारगा नावाचं गॅसवाहू जहाज साउथ हुक धक्क्याला नेमक्या जागी लावत होते. ओढ लागलेला एक दोर तुटला आणि त्याचा फटका पुढच्या डेकवरच्या अधिकाऱ्याच्या डोक्याला बसला. दुखापत फार गंभीर होती. अशा जहाजाच्या एकेका दोराची ताकद शंभर टनांच्या पुढची असते. चौकशीत दिसलं की दोराच्या आतले तंतू वापराने कमजोर झाले होते आणि बाहेरच्या आवरणामुळे ते बघून कळण्यासारखं नव्हतं. या जातीचा दोर तुटला तरी फारसा उलटा येत नाही अशी समजूत होती. पण त्याच्या टोकाला ताणला जाणारा दुसरा दोर जोडलेला होता, आणि बेचकीच्या रबरासारखी सगळी ताकद त्यातून परत आली.

डेकवर पूर्वी पिवळ्या रंगाने आखायचे, इथे उभं राहू नका. ब्रिटनच्या खलाशांसाठीच्या सुरक्षा पुस्तिकेत आता म्हटलं आहे की असं आखणं टाळावं, कारण रेघेच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला उगाच निर्धास्त वाटतं. दोराला ओढ असताना सगळा डेकच धोक्याचा धरायचा. आम्हाला हे पटलं. लक्ष्मणरेषा आखली की तिच्या आत काहीच होणार नाही असं माणूस धरून चालतो.

1 जानेवारी 2024 पासून समुद्रावरच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, ज्यांना सोलास म्हणतात, बदल झाला आहे. जहाज जुनं असो की नवं, बांधायचे दोर आणि विंच यांची तपासणी आणि देखभाल ठेवणं आता बंधनकारक आहे आणि त्याची नोंद ठेवावी लागते. म्हणजे "दोर कधी तपासला?" हा प्रश्न विचारला तर तो आगाऊपणा ठरत नाही. त्याचं उत्तर जहाजावर लिहिलेलं असायलाच हवं.

म्हणून पुढच्या वेळी फोनवर जेवणाखाण्याचं झालं की मुलाला विचारा, तुमची विंच कशावर चालते, तेलावर की ड्राइव्हवर? जहाज बांधताना तू कुठे उभा असतोस? दांडा ज्याच्या हातात असतो त्याला दोराचं टोक आणि इशारा करणारा माणूस दोन्ही दिसतात का? ब्रेकची चाचणी केव्हा झाली? तो आधी हसेल. मग सांगायला लागेल, आणि सांगताना स्वतःही एकदा विचार करेल. दोर झिजलेला दिसला तर सारंगाला लगेच सांग, बघू नंतर म्हणू नकोस, एवढं मात्र आईनेच सांगावं. सारंगाचा धाक असतो पोरांना, म्हणून गप्प राहतात.

मुलींबद्दलही एक सांगायचं आहे. ड्राइव्ह, सेन्सर, मोटरी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला बोटीवर ईटीओ म्हणतात. 2010 साली मनिला इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय दुरुस्तीनंतर या पदाला स्वतःचं प्रमाणपत्र मिळालं. इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या मुलींना हे दार बंद नाही. बोटीवर जायचं म्हणजे दोर ओढायचे, असं समजून कुणी मुलीला आधीच मागे ओढू नका.

आपल्या बंदरातल्या ट्रॉलरचं कुणी विचारेल. तिथे पुष्कळ बोटींवर विंच बोटीच्या इंजिनावरच चालते, ड्राइव्ह नसतो. एवढी मोठी मोटर चालवायची तर बोटीवर तेवढा मोठा जनरेटर हवा. हिसका तिथेही तोच, तो तांडेलाच्या हातावर सांभाळायचा.

ड्राइव्ह मात्र आपल्या बांधावर येऊन बसला आहे. सौर कृषिपंप घेतलेल्यांनी कंट्रोलरची पेटी पाहिली असेल. ऊन कमी झालं की पंप सावकाश, ऊन वाढलं की जोरात. हे काम आतला ड्राइव्हच करतो. आणि जहाजावरच्या ईटीओला शिकवलेली पहिली गोष्ट आपल्यालाही लागू आहे. स्विच बंद केला तरी आतल्या कंडेन्सरमध्ये वीज काही मिनिटं शिल्लक राहते आणि ती जीव घेऊ शकते. पॅनेलवर ऊन असेल तर तिकडूनही वीज येतच राहते. तेव्हा झाकण उघडायचं काम जाणत्या मेकॅनिकचंच, आणि त्यानेही दोन्हीकडचे स्विच बंद करून थांबायचं. किती मिनिटं थांबायचं ते पेटीवरच्या पाटीवर छापलेलं असतं. पाटी इंग्रजीत असेल तर मुलांकडून वाचून घ्या आणि तोच आकडा मराठीत, मोठ्या अक्षरांत, रंगाने झाकणावर लिहून ठेवा.